कडेवरचा भाऊ

त्या दिवशी आमच्या अंगणवाडीत मुलांची वजनं होती. डहाणू तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर सकाळपासून पाऊस लागून राहिला होता, म्हणून काटा आत आढ्याला टांगला होता. झोळीत एकेक पोर बसत होतं. नऊ वर्षांची एक मुलगी मात्र दारातच उभी राहिली होती, कडेवर चौदा महिन्यांचा भाऊ घेऊन.

"शाळा नाही का गं?"

"याला कोण बघंल?"

बाळाच्या दंडाला पट्टी लावली. 11.2 सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषित. पट्टी सोडून पुन्हा लावली, तेवढीच भरली. मागच्या महिन्यात हे बाळ वजनाला आलंच नव्हतं आणि मीही त्याच्या घरी गेले नव्हते. ते अजून सलतं.

आई भाताच्या आवणीला, रोपं लावायला, गेली होती. बांधावरून हाक मारली तर चिखलातूनच म्हणाली, "बाई, घरी बसले तर खायचं काय? आवणीची मजुरी एवढ्याच दिवसांची." तिला मी काय समजावणार? दिवाळीनंतर हे कुटुंब वीटभट्टीवर जातं, तेव्हाही बाळ याच पोरीच्या कडेवर असतं.

आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी बाळाला तपासलं, भूक आहे का ते खाऊ घालून पाहिलं. दवाखान्यात ठेवण्याची गरज नव्हती. मग अंगणवाडीतच ग्राम बालविकास केंद्र सुरू केलं: दिवसभर थोडं थोडं खाणं, औषधं आणि नोंदी. मदतनीस ताईंनी बाळ मांडीवर घेतलं ते संध्याकाळपर्यंत.

प्रशिक्षणात आम्हाला अमेरिकेतल्या मिशिगनमधला पेरी बालशाळेचा प्रयोग सांगितला होता. 1962 साली सुरू झालेला. 123 गरीब मुलं, त्यांतल्या 58 जणांना बालशाळा मिळाली, आणि दोन्ही गटांचा मागोवा चाळिशीपर्यंत घेतला. बालशाळेत गेलेली पुढे जास्त कमावती निघाली, गुन्ह्यांत कमी सापडली. अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी त्या खर्चावरचा परतावा वर्षाला 7 ते 10 टक्के काढला. पण तो कळायला चाळीस वर्षं थांबावं लागलं. आमच्या पाड्यावर हिशेब थोरल्या बहिणीपासून लागतो, आणि लगेच लागतो. 2017 साली ठरलेल्या दराने तीव्र कुपोषित मुलाच्या पूरक आहाराला दिवसाला 12 रुपये. तेवढ्यात बाळाच्या पोटात अन्न जातं, आईची मजुरी बुडत नाही आणि एक मुलगी चौथीच्या वर्गात बसते. यापेक्षा चांगला खर्च मला तरी माहीत नाही.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांना हे फार पूर्वीच उमगलं होतं. इथून जवळच कोसबाडच्या टेकडीवर 1957 साली त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ गेल्या, आणि विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी नि शाळा एकाच आवारात ठेवली. भाऊ पाळण्यात राहिला तरच बहीण पाटीवर अक्षर काढेल, हे त्या जाणून होत्या. आज तीन वर्षांखालच्या मुलांना आम्ही घरी न्यायची पाकिटं देतो. पाळणा मात्र बहुतेक अंगणवाड्यांत नाही.

तिसऱ्या दिवशी मुलगी दप्तर घेऊन आली. भावाला मदतनीस ताईंकडे दिलं आणि तिथेच थांबली. "जा ना गं, घंटा झाली," म्हटलं तेव्हा निघाली. हात मोकळे होते, तरी चालताना कंबर डावीकडेच कललेली. शाळेच्या पायरीपर्यंत तिने तीनदा मागे वळून पाहिलं.

महिन्याने पट्टी 11.9 भरली.