फ्रंटएंडमध्ये कॅशे बसवताना: माझा अनुभव

यादीतली एखादी नोंद उघडून मागे आलं की आमच्या ॲपमध्ये सगळी यादी सर्व्हरकडून पुन्हा यायची. नेटवर्क टॅब पाहिला तर वापरकर्त्याची माहितीही तीन कंपोनंट एकाच क्षणी वेगवेगळी मागत होते.

आधी हेच थांबवलं: एकदा आलेलं उत्तर ब्राउझरमध्येच जपून ठेवायचं, म्हणजे कॅशे करायचं. त्यासाठी एक साधा मॅप (‘की’ आणि तिच्यापुढे मूल्य अशा जोड्या ठेवणारी रचना) घेतला. ‘की’ म्हणून यूआरएल आणि तिच्यापुढे उत्तर नव्हे, तर प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तरासाठी जावास्क्रिप्ट देतं तो ऑब्जेक्ट) ठेवलं. मग पहिलं उत्तर यायच्या आत आणखी कुणी तेच मागितलं तरी रिक्वेस्ट एकच जाते. रिक्वेस्ट फसली की ते प्रॉमिस लगेच काढून टाकायचं, नाहीतर तीच एरर पुढे सगळ्यांना मिळत राहते.

जुनं उत्तर कधीपर्यंत चालेल, हा प्रश्न मात्र मॅपने सुटेना. म्हणून टॅनस्टॅक क्वेरी ही सर्व्हरचा डेटा मागवून कॅशे करणारी लायब्ररी घेतली. तिच्यातल्या दोन वेळा आधी नीट समजून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगेन. स्टेलटाइम, म्हणजे उत्तर किती वेळ ताजं मानायचं, तो मुळात ० असतो: कॅशेतलं उत्तर लगेच दिसतं, पण कंपोनंट नव्याने आला की मागून ताजं मागवलं जातं. जीसीटाइम ५ मिनिटांचा. कुणीच वापरत नसलेला डेटा तेवढा वेळ मेमरीत राहतो. आम्ही देशांच्या यादीला स्टेलटाइम इन्फिनिटी दिला, नोंदींच्या यादीला एक मिनिट आणि शिल्लक साठ्याला ० च ठेवला. हे आकडे ठरवायला कोडपेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा. डेटा किती वेळा बदलतो हे तो रोज हाताळणाऱ्यांनाच ठाऊक असतं.

नोंद सेव्ह झाली की लायब्ररीचं इनव्हॅलिडेट-क्वेरीज हे फंक्शन बोलावायचं. इथली ‘की’ ॲरे (क्रमवार यादी) असल्यामुळे नुसतं ‘नोंदी’ सांगितलं तरी त्याखालची पानं, फिल्टर सगळं शिळं ठरतं. तरीही एके ठिकाणी जुनंच उत्तर येत राहिलं. तिथे सर्व्हर उत्तराच्या कॅशे-कंट्रोल हेडरमध्ये मॅक्स-एज (प्रत किती वेळ चालेल ती मुदत) पाठवत होता, त्यामुळे मुदत संपेपर्यंत ब्राउझर स्वतःकडचीच प्रत देत होता. बॅकएंडच्या मंडळींनी नो-कॅशे आणि ईटॅग (उत्तराच्या आवृत्तीची खूण) लावले. आता ब्राउझर प्रत ठेवतो, पण वापरण्याआधी विचारतो. बदल नसेल तर ३०४ हा स्टेटस कोड येतो, बॉडी येत नाही.

लॉगआउटला क्वेरी-क्लायंटचं (लायब्ररीची कॅशे सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टचं) क्लिअर, म्हणजे सगळी कॅशे पुसणारं फंक्शन, आवर्जून लावलं. एकाच संगणकावर दुसऱ्याने लॉगिन केलं, तर पहिल्याचा डेटा क्षणभरही दिसता कामा नये.