मिरी मादीच : टाच, शेपूट आणि वाळूची बादली

आमच्या मुलुंडच्या घरातल्या मिरीची, म्हणजे व्हेल्ड शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या परदेशी सरड्याची, ही पुढची नोंद. या वेळी नर-मादी ओळखण्याबद्दल लिहिते आहे, कारण असे सरडे पाळणारे आपल्यातले बरेच जण हा प्रश्न नाव ठेवण्यापुरता सोडवतात. माझ्या मते जनावर घरी आलं की पहिल्या आठवड्यात याचा निकाल लागायला हवा. पुढचा सगळा सांभाळ त्यावर ठरतो.

जून

मिरी आली तेव्हा तळहातावर मावेल एवढीच होती. फोटो बघून दोघा-तिघांनी नर ठरवलं, का तर हिरवा रंग तजेलदार. व्हेल्डच्या पिल्लात रंगावर जाऊच नये. ऊन, भीती, झोप, समोर कोण आहे, सगळ्याने तो बदलतो. बघायची ती मागच्या पायाची टाच. नर पिल्लाला अंड्यातून बाहेर पडल्यापासूनच तिथे छोटा मांसल उंचवटा असतो, त्यालाच आपण स्पर म्हणतो. मादीला तो नसतो. पुढच्या पायांकडे बघून काही कळत नाही.

पिल्लू हातात उलटं धरून तपासू नका, फार घाबरतं. सकाळी दिवा लागला की ते ऊब घ्यायला वर चढतं, मागचा पाय ताणला जातो, तेवढ्यात मागून झूम करून फोटो काढायचा. मिरीची टाच साफ गुळगुळीत निघाली, बारीक खवले पोटरीवरून पंज्यापर्यंत सलग उतरलेले. फक्त कात टाकताना निकाल देऊ नका. सुटलेला पापुद्रा टाचेवर उभा राहिला की हुबेहूब स्पर वाटतो. कात पूर्ण गळल्यावर दोन्ही पाय पुन्हा बघा.

गणपतीच्या आसपास

डोक्यावरचा तुरा आता दिसायला लागला आहे, पण ठेंगणाच. प्रौढ नराचा तुरा चांगला उंच होतो आणि नर शेपटीसकट दोन फुटांपर्यंत जाऊ शकतो, मादी बरीच लहान राहते. तरी वाढत्या वयात तुऱ्याच्या उंचीवरून पैज लावू नये.

डोंबिवलीच्या मैत्रिणीकडे पँथर शॅमेलिऑन आहे, ही दुसरी जात. तिथे टाचेचा उपयोग नाही, पँथरच्या नराला स्पर नसतो. पिल्लं सगळी करड्या-तपकिरी रंगाची दिसतात. नराच्या शेपटीचं मूळ हळूहळू जाड होतं आणि आत दडलेल्या लिंगांमुळे तिथे फुगवटा येतो. मादीची शेपूट शरीरापासून सरळ निमुळती होत जाते. मादागास्करमधल्या कुठल्या भागातला वंश आहे त्याप्रमाणे नराचा निळा, हिरवा, लाल रंग नंतर उघडतो, मादी बहुतेक फिकट गुलाबी-केशरीच राहते. मैत्रिणीला सांगितलंय, दर महिन्याला शेपटीच्या मुळाचा एकाच बाजूने फोटो काढून ठेव. जॅक्सन शॅमेलिऑन या तिसऱ्या जातीत नराला तीन शिंगं असतात खरी, पण त्याच्या काही उपजातींत मादीलाही शिंग येतं, म्हणून नुसतं शिंग बघून थांबू नका.

ऑक्टोबर

मिरीच्या गडद हिरव्या अंगावर पिवळे आणि निळसर ठिपके उमटले, खाणं कमी झालं, आणि ती पिंजऱ्याच्या तळाशी उतरून कोपरे उकरू लागली. तिने आजवर नर पाहिलेला नाही. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी धरते, आणि घालायला मनाजोगती जागा मिळाली नाही तर ती पोटातच अडकून जीव जाऊ शकतो. टाच बघायची ती यासाठी.

बादली आधीच तयार होती. धुतलेली वाळू आणि खत न घातलेली माती, फूटभर खोल. ओल किती हवी? मुठीत दाबली की गोळा टिकावा आणि बोटाने पाडलेलं भोक ढासळू नये. पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी चादर लावली आणि घरात सगळ्यांना तिकडे फिरकू नका म्हणून सांगितलं. खणताना कोणी बघतंय असं वाटलं तर ती काम अर्धवट सोडते. फटीतून एकदाच पाहिलं, अख्खी आत गेलेली, वर फक्त शेपटीचं टोक. नंतर तिने खड्डा स्वतःच मागच्या पायांनी बुजवला. बाहेर आली ती मातीने माखलेली, पोट आत गेलेलं, आणि फवाऱ्याचं पाणी कितीतरी वेळ पीत राहिली.

दिवसा डोळे मिटून तळाशी बसली असती, किंवा उकरून-उकरून थकली असती, तर मी थेट सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर गाठून एक्स-रे काढला असता. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका.

आता

कॅल्शियम आणि खाणं काही दिवस भरपूर, मग एक दिवसाआड मोजकेच क्रिकेट (रातकिडे) आणि डुबिया (एक जातीची झुरळं). दिव्याखालची जागा 28 अंशांच्या आसपास ठेवते आहे. जास्त ऊब आणि जास्त खाणं दिलं की मादी जास्त अंडी धरते. बादली पिंजऱ्यातून काढणार नाही.

नव्याने घेणाऱ्यांसाठी : परदेशी जातीचं जनावर घेतलं की 2024च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करा. आपल्या रानातला शॅमेलिऑन 1972च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. तो नर असो की मादी, घरी आणायचा नाही.

डोंबिवलीच्या पँथरचं शेपटीचं मूळ ताज्या फोटोत किंचित जाड वाटतंय. पुढच्या महिन्याचा फोटो येईपर्यंत मी त्याला नर म्हणणार नाही.