वास लांबच्या विहिरीला का आला

ऑगस्टात पावसाने खंड दिला तेव्हा नानांचा फोन आला. "साहेब, सोयाबीनला पाणी द्यायला मोटर सुरू केली अन् पाण्याला रॉकेलासारखा वास सुटलाय. बैलं तोंड लावंनात."

पोटात गोळाच आला. मे महिन्यात त्यांच्या शिवाराला लागून डिझेलचा टँकर उलटला होता, एक कप्पा फुटला होता. भूजलाचं काम करतो म्हणून मला बोलावलं होतं. "काळी माती चिकण आहे, डिझेल वरच धरून ठेवील, फूटभर माती खरवडून उचला," असं मीच सांगून आलो होतो.

चूक कुठे झाली ते बांधावर उभा राहिल्यावर कळलं. भेगा. मे महिन्यात काळं रान असं भेगाळतं की काही भेगांत कोपरापर्यंत हात जातो. डिझेल मातीत झिरपत बसलंच नव्हतं, भेगांतून थेट मुरमात उतरलं होतं. पाऊस पडला, माती फुगली, भेगा मिटल्या आणि वर खूणसुद्धा राहिली नाही. इतकी वर्षं हीच माती तुडवतोय, मला हे तेव्हाच सुचायला हवं होतं.

कोडं मात्र निराळंच होतं. टँकर उलटला तिथून उताराला ५० मीटरवर शेजाऱ्याची विहीर आहे, तिचं पाणी नितळ. नानांची विहीर चढाला, जवळपास तिप्पट लांब. तेल चढावर कसं जाईल, असं जो तो विचारत होता.

आधी सगळ्यांना बिड्या विझवायला लावल्या. आत कुणालाही उतरू दिलं नाही, डिझेलची वाफ हवेपेक्षा जड असते, विहिरीत साचून राहते. मग आरशाने उन्हाचा कवडसा आत सोडला. वर चार फूट काळी माती, खाली मुरूम, मग बारीक पोकळ्यांचा मऊसर मांजऱ्या खडक, त्याखाली कठीण पाषाण. मांजऱ्या आणि पाषाण यांच्या सांध्यातून पाझर चालू होता, आणि तो नेमका रस्त्याच्या बाजूने. त्याच्याखाली पाण्यावर डिझेलचा तवंग.

पेट्रोल पंपावर टाकीच्या तळाशी पाणी आहे का ते बघायला एक पेस्ट वापरतात, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. ती मागून आणली, लांब काठीला फासून विहिरीत सोडली. काठी वर आली तेव्हा तेलाने ओली झालेली रेघ आणि रंग बदललेली रेघ यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं. नानांनी ते अंतर स्वतःच्या बोटांनी मोजलं आणि काठी गवतावर ठेवली.

डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते भूजलावर तरंगतं आणि पाण्याची पातळी जिकडे उतरती तिकडे सरकतं. वरच्या रानाचा उतार त्याला लागू होत नाही. शेजाऱ्याने यंदा मोटर लावलीच नव्हती. नानांची आठ दिवस चालू होती. विहिरीतलं पाणी खाली गेलं, आजूबाजूच्या सांध्यांतलं पाणी तिकडे ओढलं गेलं आणि त्याच्या पाठीवर बसून डिझेलही आलं.

"मग सगळं पाणी उपसून नाल्यात सोडू," एकजण म्हणाला. मी हात जोडून थांबवलं. नाल्यात सोडलं तर ते पुढच्या गावाच्या विहिरींपर्यंत जाणार, आणि जोरात उपसलं तर मुरमात उरलेलं डिझेल आणखी ओढलं जाणार. तवंग वरच्यावर काढून पिंपात भरायचा आणि पातळी फार हलू द्यायची नाही, एवढंच त्या दिवशी हातात होतं. तवंग निघाला तरी पाण्यात विरघळलेलं बेंझिन, डिझेलमधला विषारी घटक, डोळ्यांना दिसत नाही. नमुन्याच्या काचेच्या बाटल्या काठोकाठ भरल्या, बुडबुडा राहिला तर बेंझिन त्यात उडून जातं, आणि बर्फात ठेवल्या.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी आटलं की हे जाईल ना?"

"नाही नाना. पाण्याबरोबर खाली जाईल, जाताना मुरमाला फासत जाईल. थेंब थेंब तिथे अडकून राहील. पाऊस झाला की पाण्याबरोबर परत वर येईल." मेमधली माझी चूकही त्यांना तिथेच सांगितली. ते काही बोलले नाहीत.

शेजाऱ्याला मोटर लावू नका म्हणून सांगितलं होतं. पोहऱ्याने काढलेल्या पाण्याने पातळी हलत नाही. नानांनी मोटरच्या पेटीतला फ्यूज काढून खिशात टाकला आणि दोन बादल्या घेऊन शेजारच्या विहिरीकडे निघाले.