२८ केल्विनचं टोक

आजचा अख्खा दिवस टर्बियम मँगनाइट या चुंबकीय संयुगाच्या स्फटिकापायी गेला. मिलिमीटरभराचा काळा तुकडा, दोन्ही बाजूंना चांदीचा लेप, त्यावर केसासारख्या तारा. विद्युतक्षेत्र लावून थंड केला, क्षेत्र काढलं आणि हळूहळू तापवत करंट बघत बसलो. करंट तरी केवढा, पिकोअँपिअर! कुणी केबलला नुसता हात लावला तरी आलेखाचा थयथयाट. पण २८ केल्विनजवळ (साधारण उणे २४५ अंश सेल्सिअस) करंटचं टोक आलं, म्हणजे तिथे स्फटिकाचं ध्रुवीकरण (धन-ऋण विद्युतभारांची एका दिशेने झालेली फारकत) विरलं. एकदम स्वच्छ!

गंमत अशी, की ४१ केल्विनच्या आसपासच मँगनीजचे स्पिन (अणूंचे इवलेसे चुंबकच म्हणा) शिस्तीत लागतात, पण तेव्हा ध्रुवीकरणाचा पत्ता नसतो. २८ च्या खाली तेच स्पिन अणूगणिक थोडे थोडे वळत चक्राकार रचना करतात, सममिती मोडते आणि ध्रुवीकरण उगवतं. म्हणजे इथली फेरोइलेक्ट्रिसिटी (आपोआप येणारं, उलटवता येणारं ध्रुवीकरण) चुंबकत्वाच्याच पोटची. म्हणून तर चुंबकीय क्षेत्र वाढवलं की ध्रुवीकरण ९० अंशांत वळतं. जपानी भौतिकशास्त्रज्ञ किमुरा, तोकुरा आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हे दाखवलं आणि सगळा विषय ढवळून निघाला.

ध्रुवीकरण मात्र बेरियम टायटॅनेट या नेहमीच्या फेरोइलेक्ट्रिक पदार्थाच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी. त्यामुळे 'उद्याची मेमरी' वगैरे मथळे वाचले की मला हसूच येतं.

आता चुंबकीय क्षेत्रात मोजायचंय. थंड करायला लागणारा हेलियम पुरला म्हणजे मिळवलं.