‘इझी आउट’च्या पाटीवर विश्वास ठेवू नका: लेकीसोबत पाच बेसबॉल मैदाने

शिकागोतील रिग्ली फील्ड या बेसबॉल मैदानाजवळ एका घरामागच्या मोकळ्या जागेवर ‘इझी आउट’ अशी ठळक पाटी लावलेली होती आणि त्या दोन शब्दांसाठी मी ६० डॉलर मोजले. सामना संपताच गाडी विनासायास बाहेर काढता येईल, असा त्या पाटीचा अर्थ होतो. प्रत्यक्षात आम्ही परतलो तेव्हा आमच्या पुढे दोन आणि मागे एक गाडी दाटीवाटीने उभी होती, पैसे घेणारा गृहस्थ दिसेनासा झाला होता, आणि पुढच्या गाड्यांचे मालक येईपर्यंत पावणेदोन तास माझी ११ वर्षांची लेक फुटपाथवर बसून आपले स्कोअरकार्ड पुन्हा पुन्हा तपासत होती.

जुलैमध्ये ९ दिवसांत न्यू जर्सीतील एडिसनहून पिट्सबर्ग, क्लीव्हलँड, डेट्रॉइट, शिकागो आणि मिलवॉकी असा आमचा प्रवास झाला. दिवसाला पाच तास गाडी चालवता येते, मूल उन्हात बसू शकते आणि गाडीत ईझी-पास (टोल आपोआप कापून घेणारे उपकरण) आहे, असे गृहीत धरूनच पुढचे लिहीत आहे. ईझी-पास नसेल, तर पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक या टोलच्या महामार्गावर जवळपास दुप्पट टोल पडतो.

सगळे बिघडले ते डेट्रॉइट ते शिकागो या सुमारे २८० मैलांत. शिकागोचे घड्याळ डेट्रॉइटच्या एक तास मागे असल्यामुळे सकाळी ७ वाजता निघून दुपारी १:२० चा सामना आरामात गाठता येईल, असा माझा हिशेब होता, आणि इंडियानातील गॅरीपर्यंत तो बरोबरही होता. तेथे इंटरस्टेट ८० आणि ९४ हे दोन महामार्ग एकत्र धावतात आणि दोन्हींवरचे ट्रक एकाच रस्त्यावर येतात. तो तुकडा पार करण्यात आणि पुढे शहरातून उत्तरेकडे सरकण्यात तो मिळालेला तास तर गेलाच, वर आणखी एक तास गेला. आम्ही आत पोहोचलो तेव्हा नऊपैकी तिसरी इनिंग सुरू होती. पूर्वी हे नुकसान भरून निघाले असते, परंतु २०२३ मध्ये ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायला लावणारे घड्याळ आले आणि सामन्याची सरासरी वेळ त्या वर्षी ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली, त्यामुळे उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला फारसे काही उरत नाही.

त्यातून आमची जागा खांबामागे निघाली. रिग्ली फील्ड १९१४ चे असल्यामुळे वरचा मजला खांबांवर उभा आहे, आणि तिकिटे पुन्हा विकणाऱ्या संकेतस्थळाने या खांबाविषयी अवाक्षरही काढले नव्हते. २०० क्रमांकाच्या विभागांतील मागच्या रांगांत सावली मिळते हे खरे, पण उंच उडालेला चेंडू डोक्यावरच्या छतामागे जातो आणि बाकीचे दृश्य खांब झाकतो. बाहेरच्या भिंतीवरील वेलीत चेंडू अडकला की क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दुसऱ्या बेसपर्यंतच जाता येते. त्या दिवशी नेमके तेच घडले, ते लेकीला दिसले, मला नाही. माझे स्पष्ट मत असे, की या विभागांच्या पुढच्या रांगा किंवा वरच्या मजल्याच्या अगदी पुढच्या रांगा मिळत नसतील, तर तिकीट घेऊच नये.

गाडी तर रिग्लीपाशी नेऊच नये. शहरातील रेड लाइन या मेट्रो मार्गाचे ॲडिसन स्थानक मैदानाला जवळजवळ लागून आहे. उत्तरेला डेम्पस्टर-स्कोकी स्थानकाच्या वाहनतळावर गाडी ठेवून यलो लाइनने हॉवर्ड आणि तेथून रेड लाइनने ॲडिसन गाठता येते. मला हे दुसऱ्या दिवशी हॉटेलातील सफाई कर्मचारी बाईंनी सांगितले. आदल्या रात्री डेट्रॉइटहून शिकागोत मुक्कामाला येणे हाच शहाणपणा ठरला असता.

बाकी चार ठिकाणी तक्रारीला जागा नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. पिट्सबर्गचे पीएनसी पार्क सर्वांत सुंदर आहे. सामन्याच्या दिवशी वाहनांना बंद होणाऱ्या रॉबर्टो क्लेमेंटे पुलावरून चालत जावे, घरून दशम्या न्याव्यात, कारण बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देतात, आणि पिट्सबर्गचा नामवंत खेळाडू क्लेमेंटे याच्या जर्सीच्या २१ क्रमांकासाठी २१ फूट उंच ठेवलेली उजवीकडची भिंत मुलांना दाखवावी. क्लीव्हलँड ठीक. डेट्रॉइटला वाघांचे मेरी-गो-राउंड आणि बेसबॉलच्या आकाराचे पाळणे आहेत, तेव्हा खेळात फारसा रस नसलेल्या धाकट्या भावंडांना तेथेच न्यावे. मिलवॉकीचे छप्पर मिटते, त्यामुळे पावसाची धास्ती असलेला दिवस त्या मैदानासाठी राखून ठेवावा. तेथे सॉसेजच्या वेशातील माणसांची शर्यत लावतात, ती पाहून लेक इतकी हसली, की शिकागोचा राग माझ्याही मनातून तेवढ्यापुरता गेला.

मिलवॉकीहून एडिसन ८५० मैलांहून अधिक आहे आणि परतताना घड्याळातील तो एक तास हातचा जातो. आम्ही एकच मुक्काम केला, तो फार दमवणारा ठरला. तुम्ही दोन करा, आणि त्यातील पहिला गॅरी ओलांडल्यावरच करा, म्हणजे सकाळी उठून पुन्हा त्या ट्रकांच्या रांगेत शिरावे लागणार नाही.