बारीक चौकोनांचा हिशेब

शाळेच्या आठवणी लिहायच्या ठरल्यात, तर स्नेहसंमेलन, सहल, छड्या यांवर बाकीचे लिहितीलच. मी फिजिशियन. आमच्या दहावीच्या तुकडीने साठी ओलांडल्यापासून ग्रुपवर शुभप्रभातच्या फुलांइतकेच ईसीजीचे (हृदयातल्या विजेच्या आलेखाचे) फोटो येतात. खाली ‘हार्ट ब्लॉक’ छापलेलं दिसलं की पाठवणाऱ्याची गाळण उडते. रक्तवाहिनी तुंबली, आता अँजिओप्लास्टी! पण हा अडथळा रक्ताच्या वाटेत नसतो, विजेच्या संदेशाच्या वाटेत असतो.

गणिताच्या सरांनी आलेखवही इतकी घोटून घेतली होती (पेन्सिलला टोक नसलं की वर्गाबाहेर!) की मेडिकलला ईसीजीचा कागद ओळखीचाच वाटला. त्यावर आडवा बारीक चौकोन 0.04 सेकंदांचा, पाच मिळून 0.2. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला संदेश खालच्या कप्प्यांत पोचायला याहून जास्त वेळ लागला की फर्स्ट डिग्री ब्लॉक. संदेश पोचतात सगळे, फक्त उशिरा. बीपीच्या काही गोळ्यांनीही असं होतं. सहसा उपचार लागत नाहीत.

खरी गोम सेकंड डिग्रीत. वेंकेबाख प्रकारात हे अंतर ठोक्यागणिक वाढत जातं आणि मग एक ठोका गळतो. कसलेल्या खेळाडूंमध्ये झोपेतही हे दिसतं. बहुधा घाबरण्याचं कारण नसतं. मोबिट्झ टू या दुसऱ्या प्रकारात मात्र अंतर तेवढंच राहतं आणि ठोका अचानक गायब होतो. बिघाड एव्ही नोडच्या (वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या विजेच्या नाक्याच्या) खाली, हिस बंडलमध्ये (तिथून संदेश खाली नेणाऱ्या तारेत) किंवा त्याच्या फांद्यांत असतो, आणि पूर्ण ब्लॉक कधी होईल याचा नेम नसतो. शिक्का दोघांवरही सेकंड डिग्रीचाच, पण पहिल्याला मी बहुधा घरी पाठवतो, दुसऱ्याला पेसमेकरसाठी (विजेचे ठोके देणाऱ्या यंत्रासाठी) भरती करतो.

थर्ड डिग्रीत वरचा एकही संदेश खाली पोचत नाही. शिपायाने घंटा द्यावी आणि वर्गांनी आपल्याच मनाने तास बदलावेत, तसं. खालच्या कप्प्यांची स्वतःची गती मिनिटाला जेमतेम 20 ते 40. माणूस भोवळ येऊन कोसळतो. स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना असेच झटके येत. 1958 मध्ये शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर त्यांना मिळाला. तो काही तासांतच बंद पडला. पण पुढे यंत्रं बदलत ते 2001 पर्यंत, वयाच्या 86व्या वर्षापर्यंत जगले.

तेव्हा मंडळी, फोटो पाठवाल तर खालच्या छापील ओळीचा नको, पूर्ण पट्टीचा पाठवा. चालू गोळ्यांची नावंही लिहा. आणि चक्कर येऊन पडला असाल तर ग्रुपवर विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.