हीटर २८ वर नको

माशांच्या टाकीसाठी हीटर विकत घेतला की दुकानदार बहुतेक वेळा २६ किंवा २८ अंशांवर लावायला सांगतात. डिस्कस किंवा रॅम हे गरम पाण्यातले मासे पाळायचे असतील तर ते बरोबरच आहे. पण त्याच टाकीत व्हाइट क्लाउड किंवा रोझी बार्ब सोडले, तर त्यांना ते पाणी सोसत नाही. व्हाइट क्लाउड मूळचा दक्षिण चीनमधला, ग्वांगझोजवळच्या डोंगरी ओढ्यांतला. त्याला १८ ते २२ अंश मानवतात. रोझी बार्ब आणि झेब्रा डॅनिओ तर आपल्याच उपखंडातले, त्यांनाही थोडं गार पाणीच आवडतं.

मासा गरम पाण्यात लगेच मरत नाही, म्हणून फसायला होतं. उलट तो जास्त चपळ दिसतो, जास्त खातो. त्याची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते आणि पाण्यात मावणारा ऑक्सिजन घटलेला: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, २८ ला ७.८. जास्त खाणं म्हणजे जास्त अमोनिया. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कधर्मीपणाचं माप) ८ असेल तर त्यातला विषारी भाग २० अंशांना सुमारे ४ टक्के असतो, २८ ला साडेसहाच्या आसपास जातो.

म्हणून गार आणि कोमट पाण्यातले मासे एकत्र असलेली मिश्र टाकी २३ वर ठेवा. सोबतीला निऑन टेट्रा, पेपर्ड कोरी, व्हेरिएटस प्लॅटी चालतात. डिस्कस, रॅम, फायटर नकोत. गोल्डफिशला वेगळीच टाकी द्या. तो घाण फार करतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो.

६० लिटरला ५० वॅटचा हीटर आपल्याकडच्या खोलीत पुरतो. मोठा घेऊ नका. थर्मोस्टॅट चिकटून हीटर चालूच राहिला, तर मोठा हीटर पाणी फार लवकर तापवतो. डायलवरचा आकडा एक-दोन अंशांनी चुकतो, त्यामुळे वेगळा थर्मामीटर हवाच, तोही हीटरपासून लांबच्या टोकाला. पाणी बदलताना आधी प्लग काढा आणि पंधरा मिनिटं थांबा. तापलेली काच उघडी पडली की तडकते.

खरी परीक्षा मात्र एप्रिल-मेमध्ये. हीटर बंद असूनही टाकी ३० च्या वर जाते. झाकण काढून जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. कोरड्या हवेत, म्हणजे पुण्या-नाशकात, पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. मुंबई-कोकणच्या दमटपणात कमी. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी भरून काढा, पण बोअरवेलच्या पाण्याने नको, क्षार साचत जातात. आरओचं वापरा. एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) रात्रभर चालू ठेवा: झाडं असलेल्या टाकीत पहाटे ऑक्सिजन सर्वात कमी असतो. बर्फ थेट टाकू नका.

माशांच्या अंगावर परजीवीमुळे पांढरे ठिपके आले की तापमान ३० वर न्यायचा सल्ला मिळतो. या माशांसाठी तो मानू नका. २३-२४ वरच औषध द्या, फक्त परजीवीचं चक्र थंड पाण्यात लांबतं, म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही काही दिवस ते चालू ठेवा.